गंगेच्या दोन काठांवर: मुलांना घेऊन नाशिक पायी पाहायचं तर

नाशिकला पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाचा दिवस बहुधा एकाच पद्धतीने बिघडतो. रिक्षावाल्याशी 'नाशिक दर्शन' ठरतं. तपोवन, काळाराम, रामकुंड, मुक्तिधाम, सोमेश्वर, पांडवलेणी अशी यादी हातात येते आणि दुपारी दोनला धाकटं पोर खांद्यावर झोपलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, त्यातली चार चपला काढण्या-घालण्यात. संध्याकाळी कोणाला विचारलं की काय पाहिलं, तर उत्तर येतं, 'देऊळ'. कुठलं, ते आठवत नाही.

जुनं नाशिक पायी पाहण्याजोगं आहे, कारण ते खरोखर लहान आहे. पंचवटीचा काठ आणि गावाचा काठ, मध्ये गोदावरी. नाशिककर तिला सरळ 'गंगा' म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे घाटावर. एका सकाळी एकच काठ धरा. दोन सकाळी, दोन काठ, एवढंच या लेखाचं म्हणणं. दोन्ही फेऱ्यांत एक सूत्र ठेवलं आहे: पुराच्या खुणा. मुलांना शिखर आणि मंडप यांचं फार पडलेलं नसतं, पण 'पाणी कुठपर्यंत आलं होतं?' हा प्रश्न पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. शिवाय या गावात त्याचं उत्तर दगडातच आहे.

निघण्याआधी

ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोपा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नदीकाठी चांगलीच थंडी असते, लहानांना कानटोपी लागते. मार्चच्या मध्यापासून नऊनंतर ऊन बोचतं. अडचण डोक्यावरच्या उन्हाची कमी आणि पायाखालच्या दगडाची जास्त असते. देवळांच्या फरसबंद आवारात अनवाणी चालावं लागतं आणि काळा दगड झपाट्याने तापतो. जाड सुती मोज्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत टाका. मोजे घालून आवारात फिरायला सहसा कोणी हरकत घेत नाही.

वेळ. पंचवटीचा काठ सकाळी साडेसहा-सातला सुरू करून साडेनऊच्या आत संपवा. गावाच्या काठाचं उलटं आहे. तिथे बाजार पाहायचा असतो आणि दुकानांची शटरं दहा-साडेदहाच्या सुमारास वर जातात, म्हणून तिथे साडेनऊला पोचा. दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी उरकण्याचा मोह इथेच मोडतो: एकीची वेळ संपते तेव्हा दुसरीची सुरू होते खरी, पण तोवर मुलांचे पाय संपलेले असतात.

दिवस. सोमवारी कपालेश्वरला गर्दी, श्रावणी सोमवारी तर विचारूच नका. पितृपक्षात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो. तो बघायला छान, पण लहान मुलाचा हात धरून चालायला अवघड. रामनवमीचे दिवस, कामदा एकादशीचा रथ, रंगपंचमी हे सगळं मोठ्यांनी जरूर पाहावं, पहिल्या फेरीसाठी मात्र नको. मंगळवार ते शुक्रवार, बुधवार वगळून, हे दिवस सगळ्यांत निवांत. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीची कामं घाटावर आणि आसपास निघतात, त्यामुळे एखादी वाट बंद मिळाली तर वाद न घालता वळसा घ्या.

बरोबर काय. माणशी अर्धा लिटर पाणी पुरतं. चपला किंवा पट्टा नसलेले बूट घाला, कारण पहिल्या फेरीत चार-पाचदा काढावे लागतात. लेस बांधायची असेल तर तुमची वीस मिनिटं त्यातच जातील. चपलांसाठी एक कापडी पिशवी ठेवा, म्हणजे एका दारातून आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडता येतं. थोडे सुटे पैसे, एक छोटा टॉवेल, लहानग्यांचा कपड्यांचा एक जादा जोड (घाटावर कोणी ना कोणी भिजतंच).

बाबागाडी आणू नका. नाशिक नऊ टेकांवर वसलंय असं म्हणतात, 'नवशिख'वरून नाव आल्याची एक कथाही आहे. व्युत्पत्ती कशी का असेना, जुन्या गल्ल्या चढउताराच्या आहेत आणि घाटाला पायऱ्या आहेत. दोन वर्षांखालचं मूल झोळीत किंवा कडेवर. आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर पहिली फेरी करता येते, फक्त कपालेश्वराच्या पायऱ्या टाळून. ती वाट खाली सांगितली आहे.

यायचं कसं. नाशिकरोड रेल्वे स्थानक जुन्या गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. तिथून सिटीलिंकची बस किंवा रिक्षा. पंचवटीच्या फेरीसाठी निमाणी बसस्थानक गाठा, गावाच्या फेरीसाठी रविवार कारंजा. स्वतःची गाडी असेल तर ती गल्ल्यांत घालू नका. पंचवटीतल्या गल्ल्यांत समोरून दुसरी मोटार आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं आणि तो बहुधा नवखाच असतो. नदीकाठच्या मोकळ्या पटांगणांत गाडी लावता येते, पण पावसाळ्यात तिथे गाडी सोडून जाणं म्हणजे पुराला आमंत्रण. याबद्दल शेवटी.

पहिली सकाळ: पंचवटीचा काठ

एकूण चाल दीड किलोमीटरच्या आत, थांबत-थांबत दोन-अडीच तास. सगळी वाट उताराची पडते, कारण आपण वरून नदीकडे येतो. उलट दिशेने केली तर तीच फेरी चढाची होते आणि मुलं कुरकुरतात. म्हणून सुरुवात सीतागुंफेपासूनच.

१. सीतागुंफा. रिक्षाला 'काळारामाच्या मागे, सीतागुंफा' एवढं सांगितलं की पुरे. बाहेर वडाची जुनी झाडं आहेत. पाच वडांची म्हणून पंचवटी. झाडांवर आकडे घातलेले असतात, मुलांना शोधायला लावा. गुंफेत शिरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: जिना अरुंद आहे, छत बुटकं आहे, काही ठिकाणी अक्षरशः बसून सरकत पुढे जावं लागतं, आणि मागे माणसं आली की परत फिरता येत नाही. दमा असणारे, कोंदट जागेत घाबरणारे, गरोदर बायका आणि अंगाने भारी माणसं यांनी बाहेर थांबावं. त्यात कमीपणा काही नाही. मुलं मात्र उड्या मारत जातात, त्यांच्या उंचीला ती गुंफा मापात बसते. मोठ्या माणसाने पुढे, मुलाने मध्ये, दुसऱ्या मोठ्याने मागे असा क्रम ठेवा. पाठीवरची सॅक बाहेरच्याकडे द्या, नाहीतर ती छताला अडकते. सकाळी सातला रांग नसते; दहानंतर सहलींच्या बस लागतात आणि मग आतली हवा जड होते.

२. काळाराम मंदिर. गुंफेपासून चालत तीन-चार मिनिटं. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं हे देऊळ काळ्या दगडाचं, मूर्तीही काळ्या पाषाणाची, म्हणून काळाराम. दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असं सांगतात. आत गेल्या गेल्या दर्शनाच्या रांगेत लागू नका. आधी आवाराला एक पूर्ण फेरी मारा. चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत, कमानीमागून कमानी. मुलांना कमानी मोजायला सांगा. मोठी माणसं चुकतात, मुलं चुकत नाहीत. सकाळचं तिरपं ऊन शिखरावर पडतं तेव्हा दगडाचा काळा रंग किती वेगवेगळा आहे ते कळतं, दुपारी सगळं सपाट दिसतं.

जरा मोठी, आठवी-नववीतली मुलं बरोबर असतील तर दारात थांबून एक तारीख सांगायलाच हवी: २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रहींसह याच देवळाच्या दारांशी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद करून घेतली गेली. लढा पुढे काही वर्षं चालला, तेव्हा दार उघडलं नाही. नुसती 'सुंदर कोरीवकाम' एवढीच माहिती घेऊन मुलं इथून बाहेर पडली तर अर्धं देऊळ पाहायचं राहिलं.

गाभाऱ्यात फोटो काढू नका. पायऱ्यांवर बसून पाणी प्या, घोटभर. पुढे उतार आहे.

३. कपालेश्वर. काळारामाहून गल्ल्यांमधून नदीच्या दिशेने पाच-सात मिनिटं. रस्ता विचारताना 'कपालेश्वर' म्हणा, 'रामकुंड' म्हटलंत तर लोक वाहनांचा मोठा रस्ता दाखवतात. इथे मुलांना कोडं घाला: महादेवाच्या इतर देवळात असतं ते इथे काय नाही? उत्तर, समोर नंदी नाही. कथा अशी की ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा उपाय, रामकुंडात स्नान करण्याचा, महादेवाला नंदीनेच दाखवला. मग ज्याला गुरू मानला त्याला समोर पायाशी कसं बसवणार? मुलांना ही गोष्ट फार पटते.

कपालेश्वरापासून रामकुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत आणि सकाळी बहुधा धुतलेल्या, म्हणजे ओल्या असतात. कठड्याच्या बाजूने, आडवे पाय टाकत उतरा. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या सोडून मालेगाव स्टँडच्या बाजूच्या रस्त्याने खाली यावं. थोडा फेरा पडतो, उतार आहेच, पण पायऱ्या नाहीत.

४. रामकुंड. नदी इथे दक्षिणेकडे वळते. कुंड साधारण २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे, इतकं नाव असलेली जागा एवढीशीच, याचं नवख्याला नवल वाटतं. देशभरातून लोक इथे अस्थिविसर्जनाला येतात. म्हणजे ज्या पायऱ्यांवर तुम्ही सेल्फी काढायला उभे आहात तिथे शेजारी कोणाचा तरी दहावा चालू असतो. मुंडण करणाऱ्यांकडे, पिंडदान करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नका. मुलांनी 'हे काय करताहेत?' असं विचारलं तर तिथेच हळू आवाजात सांगा. या गावात मरण लपवून ठेवलेलं नाही, मुलं ते समजून घेतात.

इथे कोणी ना कोणी तुम्हाला विचारणारच: 'कोणता विधी? गाव कोणतं? आडनाव?' चिडायचं कारण नाही. वंशावळीच्या वह्या सांभाळणारे उपाध्ये इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि गाव-आडनावावरून ते खरोखर तुमच्या पणजोबांची नोंद काढून देऊ शकतात. विधी करायचा नसेल तर 'गुरुजी, नुसतं बघायला आलोय' एवढं पुरतं. करायचा असेल तर काय-काय आणि किती, हे आधी ठरवून घ्या, मध्ये नाही.

मुलांना पाण्यात उतरवायचं असेल तर पहिल्या पायरीपर्यंत, हात धरून. पायऱ्यांना पाण्याखाली शेवाळ असतं, ते वरून दिसत नाही. स्थानिक पोरं कठड्यावरून सूर मारताना दिसतील. त्यांना खालचा प्रत्येक दगड पाठ असतो, तुमच्या पोरांना नाही.

कुंडाच्या काठी गंगा-गोदावरी मंदिर आहे. त्याचं दार बंद दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थातच उघडतं.

५. दुतोंड्या मारुती. या फेरीतला आमचा सगळ्यात आवडता थांबा, आणि नेमका इथेच बाहेरचे लोक थांबत नाहीत. पात्रात उभी असलेली ही उंच शेंदरी मूर्ती, दोन बाजूंना दोन तोंडं. नाशिकला पूर मोजायची पट्टी हीच. पावसाळ्यात कोणी 'आकडा किती?' असं विचारत नाही, 'मारुतीच्या कुठपर्यंत?' असं विचारतात. पायाला लागलं म्हणजे पाणी चढतंय. गुडघ्यापर्यंत आलं की काठचे दुकानदार माल उचलायला लागतात. कमरेला, छातीला आलं की गावाच्या काठी भांडी बाजार आणि सराफ बाजारात धांदल. गळा बुडाला म्हणजे मोठा पूर. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी या सगळ्याच्या वर गेलं होतं.

मुलाला मूर्तीपासून थोडं लांब उभं करा आणि विचारा, पाणी गुडघ्याशी असेल तर तू आत्ता उभा आहेस तिथे किती असेल? मग मागे वळून घाटाच्या पायऱ्या आणि त्यावरची दुकानं त्याच पातळीत बघायला लावा. पाणीपातळी म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

६. नारोशंकराचं देऊळ. मारुतीपासून दोन-तीन मिनिटं, त्याच काठाने. मूळ नाव रामेश्वर. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. भोवती तट, कोपऱ्यांवर छत्र्या. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होतं: हत्ती, माकडं, चोचीत माळ धरलेले मोर. 'मोर शोध' म्हटलं की दहा मिनिटं निश्चिंती.

वर पाहा. दर्शनी तटावरच्या छत्रीत एक प्रचंड घंटा टांगली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेच्या विजयाची ही खूण, पोर्तुगीज घडणीची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला नाशकात 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, ते हिच्यावरून. आता मुलांना मारुतीची आठवण करून द्या. १९६९च्या महापुराच्या गोष्टी जुनी माणसं सांगतात तेव्हा बोट या घंटेकडेच जातं. खाली उभं राहून मान वर करून पाहिल्यावर तो पूर केवढा असेल, याचा अंदाज येतो.

फेरी इथे संपते. भूक लागलेली असणारच. पंचवटीत नाश्त्याला मिसळ मिळते. मुलांसाठी 'रस्सा वेगळा, तर्री नको' असं आधी सांगा आणि दही मागून घ्या. उलटा वडापाव, म्हणजे पावात भाजी भरून अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला, हा इथला प्रकार. एक पूर्ण खाल्ला की मूल जेवत नाही, दोघांत एक पुरे.

दुसरी सकाळ: गावाचा काठ

ही फेरी बाजारातली. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण दुकानांमुळे तीन तास लागतात. दुचाक्या सतत अंगावरून जातात, तेव्हा मूल भिंतीच्या बाजूला आणि मोठं माणूस रस्त्याच्या बाजूला, हा नियम सोडू नका.

सुरुवात अहिल्याबाई होळकर पुलावरून करा. १८९५ मध्ये बांधलेला हा दगडी पूल. जुनी माणसं अजून 'व्हिक्टोरिया पूल' म्हणतात. मध्यावर थांबून खाली रामकुंडाकडे पाहा, काल चाललेली सगळी वाट एका नजरेत येते. पुलाच्या गावाकडच्या टोकाला सुंदरनारायण मंदिर, १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं. दगडन्‌दगड उतरवून पुन्हा रचण्याचं जीर्णोद्धाराचं काम इथे बरीच वर्षं चाललं; परांची बांधलेल्या दिसल्या तर बाहेरूनच पाहून पुढे निघा. तिथून चढाने रविवार कारंजा. चांदीचा गणपती पाहायला मिनिटभर, आणि लगेच बोहोरपट्टीने सराफ बाजाराकडे. कारंज्यावर रेंगाळण्यासारखं काही नाही, चारी बाजूंनी वाहतूक आहे.

सराफ बाजारात सरकारवाडा. पेशवाईतली ही वास्तू आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. सुट्टीच्या दिवशी दार बंद मिळू शकतं, म्हणून कामाच्या दिवशी या. आत जाता आलं नाही तरी पायऱ्यांपाशी थांबा. पुराच्या बातम्यांत दरवर्षी येणारं वाक्य आहे, 'पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागलं.' नदी इथून दिसतसुद्धा नाही! मग पाणी येतं कुठून? एक तर घाटावरून बाजारात चढतं. दुसरं, जवळच्या दहीपुलाचं नाव 'पूल' का, हे मुलांना विचारा. नदी नाही, ओढा दिसत नाही, तरी पूल. गावातून वाहत येणारा सरस्वती नाला तिथे रस्त्याखाली झाकलेला आहे. जोराचा पाऊस झाला की तोही फुगतो आणि खालच्या बाजूला गंगाच फुगलेली असेल तर त्याचं पाणी जाणार कुठे, बाजारात.

सराफ बाजार ते भांडी बाजार या पट्ट्यात जुने वाडे आहेत. बरेच पडले, काही टेकू लावून उभे आहेत. वाडा पाहायचा तर आधी दार पाहा. मोठ्या दाराच्या फळीतच एक छोटं दार, ती दिंडी. रात्री मोठं दार लावून दिंडीतून ये-जा, वाकूनच आत यावं लागे. हत्यार उपसून कोणी एकदम आत घुसू नये ही त्यातली सोय. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत समोरासमोर दोन चौकोनी भोकं दिसतील. एक खोल, एक उथळ. ती अडसराची. जाड लाकडी वासा खोल भोकात पूर्ण सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून उथळ भोकात टेकवायचा, की दार आतून बंद. मुलाला त्या भोकात हात घालून बघू द्या (आधी मोबाइलच्या उजेडात आत काही नाही ना ते पाहून). वर खांबाच्या डोक्यापाशी तुळईला आधार देणारं कोरीव लाकूड दिसतं, त्यावर बहुधा केळफूल किंवा पोपट. मात्र वाडे राहते आहेत. ओसरीच्या पुढे जायचं तर 'येऊ का, काकू?' असं विचारून. आणि पावसाळ्यात सज्जाखाली उभं राहू नका. भिजलेली पांढऱ्या मातीची भिंत कधी बसेल याचा नेम नसतो.

पायाखाली बघायची एक गोष्ट जाता जाता. जुन्या नाशकात काही चौकांत पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे जमिनीखालचे दगडी हौद. वर्षभर त्या फळ्या-माती घालून बंद, वरून रिक्षा जातात. फक्त रंगपंचमीला उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि लोक त्यात उड्या घेतात. तिवंधा चौकातून गेलात तर एखाद्या दुकानदाराला 'रहाड कुठे?' असं विचारा. तुम्ही तिच्यावरच उभे असाल.

शेवटचा थांबा भांडी बाजार. तांब्या-पितळेसाठी नाशिक जुनं प्रसिद्ध आहे आणि तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो. घंगाळ, बंब, कळशी, परात ही नावं मुलांनी ऐकलेलीही नसतात. वस्तू दाखवून नावं विचारायचा खेळ इथे चांगला रंगतो. काही घ्यायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. मठारलेल्या भांड्यावर हातोडीचे ठोके ओळीने, पण किंचित कमीजास्त दिसतात, आणि आतून बोट फिरवलं तर तिथेही हलकी उठावट लागते. ठोके अगदी एकसारखे आणि आतून भांडं गुळगुळीत, तर ते यंत्राचं. ते वाईट नव्हे, पण हातकामाच्या भावाने घेऊ नका. दुसरं, भांडं साधारणपणे वजनावर विकलं जातं, तेव्हा काट्यावर ठेवायला सांगा आणि घडणावळ वेगळी किती ते विचारा. ज्यात रोज आंबट शिजवायचं असेल ते पितळेचं भांडं कल्हई केलेलंच घ्या. मुलाच्या हातात द्यायला तांब्याचा छोटा गडू पुरतो.

भांडी बाजारातून खाली उतरलं की पुन्हा घाट, समोर नारोशंकराची घंटा. परत जायला रविवार कारंज्यापर्यंत चढून या, घाटावर रिक्षा हमखास मिळत नाही.

तिसरी सकाळ हाताशी असेल तर

पांडवलेणी. गावापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर, २४ लेण्यांचा समूह. नावात पांडव असले तरी लेणी बौद्ध आहेत, सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण सलग चढ आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्धा तास धरा. सगळी लेणी पाहू नका. तीन बघा: १८ क्रमांकाचं चैत्यगृह, १० क्रमांकाचं, क्षत्रप राजा नहपानाच्या काळातलं, आणि ३ क्रमांकाचं, जिथे गौतमी बलश्रीने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचं वर्णन कोरून ठेवलं आहे. तिसऱ्या लेण्याच्या पायथ्याशी सगळं लेणं खांद्यावर उचलून धरलेले बुटके यक्ष आहेत. मुलं तिथेच रमतात. वर खायचं-प्यायचं काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. पाणी खालूनच भरून न्या आणि नऊच्या आत उतरायला लागा.

पावसाळ्यात

जुलै ते सप्टेंबर यायचं ठरवलंच असेल तर सकाळी निघण्याआधी एकच बातमी वाचा: गंगापूर धरणातून विसर्ग किती. धरण गावाच्या वरच्या अंगाला फार लांब नाही, सोडलेलं पाणी काही तासांत रामकुंडावर पोचतं. म्हणजे गावात कडक ऊन आणि घाटावर पूर, असंही होतं. विसर्ग वाढवणार अशी सूचना असेल तर गाडी नदीकाठच्या पटांगणात लावू नका. दरवर्षी कोणाची तरी मोटार वाहून जाताना दिसते आणि ती बहुतेकदा बाहेरगावची असते. घाटावर पोलिसांनी दोर बांधला असेल तर तो ओलांडू नका. अशा दिवशी सीतागुंफा आणि काळाराम करा, तिथे पाणी येत नाही, आणि मग अहिल्याबाई होळकर पुलावर लोकांची गर्दी दिसेल तिथे जाऊन कठड्याला धरून उभे राहा. शेजारी कोणीतरी विचारेलच, 'मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' मुलाला सांगू द्या.